पांढऱ्या बॉलची काळजी

काळजी करण्याच्या स्पर्धा सरकारनं भरवल्या असत्या, तर आमच्या थोरल्या जाऊबाईंनी जिल्हा, विभाग, राज्य असं करत करत थेट परदेशातून पहिला नंबर आणला असता, आणि परत येताना विमानात बसल्या बसल्या, 'हे बक्षीस खरंच आपलं का, का दुसऱ्या कुणाचं चुकून आपल्या हातात पडलं?' ही नवी काळजी सुरू केली असती. पण सरकारला असल्या गोष्टी सुचत नाहीत. म्हणून त्या पूल खेळायच्या. पूल म्हणजे टेबलावर लांब काठीनं पांढरा बॉल मारून रंगीत बॉल पॉकेटात घालायचे, तो खेळ. सिनेमात गुंड लोक सिगारेट ओढत ओढत खेळतात तोच. फक्त आमच्या जाऊबाई तो मंगळसूत्र दातात धरून खेळायच्या. मराठवाड्यात हा खेळ पोटापाण्याचा धंदा म्हणून करणारी दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही. सकाळी लातुरातल्या एका पूल पार्लरमध्ये पोरापोरींना शिकवायचं, दुपारी स्वतःचा सराव करायचा, आणि वर्षातून चार-दोन वेळा स्टिकची लांबडी बॅग काखेला मारून स्पर्धेला निघायचं, असं त्यांचं अनेक वर्षं चाललं.

स्पर्धेला सोबत म्हणून मी असायचीच. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सगळ्यांच्या लगेच ध्यानात आलं की ही बाई निश्चिंत आहे. दूध उतू गेलं तर मी शांतपणे फडकं घ्यायची, पाहुणे अवचित आले तर वरणात पाणी वाढवायची, आणि पाठ टेकली की मला झोप लागायची. सासूबाईंनी थोडे दिवस मला न्याहाळलं आणि निकाल दिला, "ह्या दोघींची जोडी लावा. एकीला फिकीरच न्हाई, आन् एकीला फिकिरीबिगर दुसरं कायबी न्हाई." तेव्हापासून मी अक्कांची सोबतीण झाले. घरात जाऊबाईंना सगळे अक्काच म्हणतात. त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर आहे.

घरातून निघणं हा एक सोहळाच असायचा. पुरुष कामावर, पोरं शाळेत आणि सासूबाई देवळात गेलेल्या असायच्या, त्यामुळं घर बंद करणं आमच्याकडंच. गॅसची टाकी बंद, शेगडीची बटणं बंद, नळ बंद, देवापुढचं निरांजन शांत, मागचं दार, पुढचं दार, फाटकाची कडी. कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं, मग मला ओढून बघायला लावायचं, मग समोरच्या काकूंना हाक मारून, "काकू, तुमच्या डोळ्यादेखत कुलूप लावलंय बरं का," असा साक्षीदार उभा करायचा. एवढं करून रिक्षात बसलो की बसस्टँड यायच्या आत त्यांचा हात माझ्या मनगटावर पडायचा.

"गॅस बंद केलास का गं?"

"तुम्हीच केला की अक्का."

"मी केला म्हून तर इचारायलेय."

एकदा तर नांदेडच्या गाडीत बसून चाकूर मागं टाकल्यावर त्यांनी काकूंना फोन लावला आणि खिडकीशी जाऊन जरा वास घेऊन बघता का, असं विचारलं. काकूंनी वास घेतला आणि म्हणाल्या, येतोय खरा कसलातरी. अक्का चालत्या गाडीत उभ्या राहिल्या. वास काकूंच्याच फोडणीतल्या हिंगाचा होता हे मागाहून कळलं, पण तोवर आम्ही अहमदपूरला उतरून उलट्या गाडीत बसलो होतो. स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती म्हणून निभावलं. घर जागच्या जागी आहे हे बघून अक्का इतक्या खूश झाल्या की त्यांनी आम्हा दोघींना चहा केला, आणि मग अर्थातच गॅस नव्यानं बंद करायची वेळ आली.

स्टिकच्या बॅगेची तऱ्हा आणखी वेगळी. ती बॅग त्यांनी एसटीत कधी वर ठेवली नाही की सीटखाली सारली नाही. लेकरू घ्यावं तशी मांडीवर आडवी घेऊन बसायच्या, आणि शेजारच्या प्रवाशाला ती टोचत नाही ना म्हणून सारखं विचारायच्या, त्यामुळं न टोचणाऱ्यालाही ती टोचायला लागायची. लोह्याच्या अलीकडं एकदा कंडक्टरनं सहज गंमत केली, "काय हो बाई, बंदूक-बिंदूक हाय का काय?" अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. "न्हाई हो भाऊ, खेळाची काठी हाय, बगा, बगा," असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथं बॅग उघडली, दोन्ही तुकडे काढून जोडले, आणि तेवढ्यानं खात्री पटली नसेल म्हणून पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या टोपीकडं नेम धरून मारायची कशी तेही दाखवलं. आजोबा नेमके त्याच वेळी जागे होऊन मागं वळले. "म्या काय केलं ओ बाई?" एवढंच ते म्हणाले, आणि नांदेड येईपर्यंत पुन्हा झोपले नाहीत.

अक्कांचं माहेर नांदेडचं. त्यांचे वडील तिथल्या एका जुन्या क्लबात बिलियर्डच्या टेबलाचे मार्कर होते, म्हणजे साहेब लोक खेळत असताना गुण मांडणारे. खेळ संपला की कापड ब्रशनं झाडायचं, त्यावर इस्त्री फिरवायची, बॉल पुसून ठेवायचे, हेही त्यांच्याकडंच. अक्का शाळा सुटल्यावर तिथंच बसायच्या, आणि क्लब रिकामा असला की वडील त्यांच्या हातात काठी द्यायचे. त्यांची ताकीद एकच होती: "बेटा, रंगाच्या बॉलची फिकीर करू नको, त्ये जातेत. पांढरा कुठं जाऊन उभा ऱ्हातो, त्याची फिकीर कर." दुसऱ्या एखाद्या मुलीनं हे खेळापुरतं ऐकलं असतं. अक्कांनी ते सगळ्या संसारासाठी ऐकलं.

आणि खरी गंमत इथंच होती. जी काळजी घरीदारी सगळ्यांना बेजार करायची, ती टेबलापाशी गेली की कामाला लागायची. बाकीच्या खेळाडू समोरचा बॉल पॉकेटात जातो का ते बघतात. अक्का तो गेल्यावर पांढरा कुठं थांबेल, तिथून पुढचा कसा दिसेल, त्याच्या पुढच्याच्या वाटेत कोण आडवं येईल, अशी पुढची पुढची काळजी करत टेबलाभोवती फिरायच्या. अगदी घर सोडताना फिरायच्या तशाच. हा कोपरा बघ, तो कोपरा बघ, पुन्हा पहिल्या कोपऱ्यापाशी ये. समोरची खेळाडू जांभई द्यायची, पंच घड्याळाकडं बघायचे, आणि मी आपली शेंगदाणे खात बसायची. मग कधीतरी त्या वाकायच्या, आणि एकदा वाकल्या की हात असा स्थिर, की ही बाई कुणीतरी दुसरीच आहे असं मला वाटायचं. "अक्का, मारताना भीती न्हाई वाटत का हो तुम्हाला?" असं मी एकदा विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "मारताना कशाची भीती? सगळी भीती आधीच करून ठिवलेली असती की."

आता मंगळसूत्राचं. या खेळात अंगावरची कुठलीही वस्तू बॉलला नुसती लागली तरी चूक धरतात आणि पाळी जाते. टेबलावर वाकलं की मंगळसूत्र लोंबणारच. बाकीच्या बायका ते काढून पर्समध्ये ठेवतात. पण आमचे भाऊजी, म्हणजे अक्कांचे यजमान, लाइनमन. नवरा विजेच्या खांबावर चढलेला असताना बायकोनं मंगळसूत्र काढून ठेवायचं, ही कल्पनाच अक्कांना सहन होत नव्हती. म्हणून ते दातात. सासूबाई एकदा हौसेनं लातुरातला सामना बघायला आल्या आणि सुनेला तशी वाकलेली बघून भर सामन्यात ओरडल्या, "अगं बया! माझ्या लेकाला दाताखाली धरून खेळायलीस व्हय गं!" अक्कांना उत्तर देता येईना, कारण तोंड उघडलं असतं तर मंगळसूत्र सुटून बॉलवर पडलं असतं. सून साधं उत्तरसुद्धा देत नाही म्हणून सासूबाईंनी अबोला धरला. शेवटी घरी चुलीपुढं परात आणि लिंबं मांडून मी त्यांना खेळाचा नियम समजावला. सासूबाईंनी विचार केला, डब्यातून सुई-दोरा काढला, आणि अक्कांच्या कुडत्याला आतून मानेपाशी एक हुक शिवून दिला. मंगळसूत्र मागं ओढायचं आणि हुकात अडकवायचं. साध्या सामन्यात ते तिथं सुखानं राहायचं. पण सामना अटीतटीचा झाला की अक्कांचा हात आपोआप मानेमागं जायचा, हुक सुटायचा आणि मंगळसूत्र पुन्हा दातात यायचं. त्यावरून मला लांबूनच कळायचं की आता कठीण वेळ आहे.

सासूबाईंचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपात त्यांच्या माहेरचं काय काय गेलं ते त्या बोलत नाहीत. पण अजूनही त्या डोक्यावरच्या फळीवर जड भांडं ठेवू देत नाहीत, आणि दाराच्या तोंडाशी सायकलसुद्धा लावू देत नाहीत. मी अक्कांची नक्कल करून घरात सगळ्यांना हसवायची, तेव्हा त्याही पदर तोंडाला लावून हसायच्या. हसून झालं की मात्र म्हणायच्या, "हसा, हसा. घरात एक तरी माणूस फिकीर करणारं पायजे." मी त्या वाक्याकडं कधी लक्ष दिलं नाही.

खेळातली आणखी एक रीत इथंच सांगून ठेवते. पुलाची स्टिक दोन तुकड्यांची असते. मधे आटे असतात, पिळून जोडायची. सामना चालू असताना कुणी ते आटे सोडवून स्टिकचे दोन तुकडे केले, तर त्याचा अर्थ हार मानली. तोंडानं काही बोलावं लागत नाही आणि मागाहून काही सांगताही येत नाही. अक्कांना या नियमाची विलक्षण धास्ती. आपली पाळी नसताना स्टिक धरून खुर्चीत बसल्या, तर मधल्या जोडाला बोटसुद्धा लागू देत नसत. पाणी प्यायला म्हणून स्टिक माझ्याकडं दिली तर, "वरच्या अंगाला धर, पिळू नको," असं दर वेळी बजावायच्या, जशी काही मी जन्मभर लोकांच्या काठ्याच पिळत आले.

अशा या अक्कांना गेल्या वर्षी धडधड सुरू झाली. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही, कारण धडधड त्यांना रोजच व्हायची. गॅसची धडधड, कुलपाची धडधड, भाऊजींचा फोन लागला नाही की त्याची धडधड. पण एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर शेंगा सोलत बसलो होतो. भाऊजी सुट्टी असल्यानं आत झोपले होते, पोरं घरात होती, कुठंही काही चुकलेलं नव्हतं. अक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि छातीवर हात धरला. "आत्ता तर कायबी फिकीर नव्हती गं," त्या घाबरून म्हणाल्या, "आन् तरी धडधडायलंय." त्या वेळी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी.

डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या, कागद बघितला आणि सांगितलं की ठोके मधेच पळत सुटतात. रोज एक गोळी, बहुतेक कायमची, आणि चालढकल केलेली चालणार नाही. अक्कांनी गोळीविषयी इतके प्रश्न विचारले की बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. शेवटचा प्रश्न होता, "ही गोळी खेळात चालती का?" डॉक्टर हसले. "अहो बाई, ही काय ताकदीची गोळी आहे का? उलट ठोके शांत करते, हात थरथरू देत नाही." अक्का हसल्या नाहीत. बाहेर येऊन त्यांनी खेळाच्या संघटनेच्या माणसाला फोन लावला, आणि त्यांना भीती होती तेच निघालं. जिथं सगळा खेळ नेमाचा, तिथं हात थरथरू न देणारी गोळी हीच ताकदीची गोळी. स्पर्धेत तिला बंदी. आजारपणासाठी परवानगी मागता येते, पण मिळेलच असं नाही, असं तो माणूस म्हणाला. अक्कांनी मागितलीच नाही. "उद्या जिंकले तर लोकं म्हणतेल, गोळी जिंकली," एवढंच म्हणाल्या.

आणि नेमकी तेव्हाच राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती, तीही नांदेडला, त्यांच्या माहेरी. राज्याच्या संघात अक्का कधीच गेल्या नव्हत्या. दोनदा अगदी दारातून परत आल्या होत्या, आणि आता पंचेचाळिशी आली होती. ही एवढी एक स्पर्धा झाली की गोळी सुरू करते, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांना ते पटलं नाही आणि तसं ते स्पष्ट बोलले, पण बाई ऐकत नाही बघून एवढंच म्हणाले की धडधड सुरू झाली तर खेळ तिथंच थांबवायचा, गोळी घ्यायची आणि दवाखाना गाठायचा. भाऊजी फार बोलणारे नाहीत. निघायच्या सकाळी ते फाटकापाशी आले आणि म्हणाले, "मी खांबावर असलो की तू जीव मुठीत धरून बसतीस. आता मी बसणार हाय. ध्यानात ठिव." गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्ये होती. रिक्षा निघाली, स्टँड आलं, आणि अक्कांनी मला गॅसचं विचारलं नाही. पर्स उघडून पट्टी आहे ना ते मीच एकदा बघितलं.

नांदेडात टेबलं मांडली होती एका मंगल कार्यालयात. दुसरा एवढा मोठा हॉल मिळाला नसेल. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या आणि त्यांत दोन पंच गंभीर चेहऱ्यानं शेजारी शेजारी बसले होते. मागच्या भिंतीवर आदल्या लग्नाचं 'शुभविवाह' तसंच होतं. आहेर घेतलेलं एक अख्खं कुटुंब तारीख चुकून आत आलं, टेबलं बघून थबकलं, आणि एवढं नटून आलोच आहोत तर म्हणून बसून राहिलं. एरवी अक्कांनी झुंबराच्या सावलीची, पंख्याच्या वाऱ्याची, फरशीच्या उताराची अशी सगळी काळजी मला ऐकवली असती. त्या दिवशी गप्प होत्या. पण खेळत होत्या अशा की मी शेंगदाणे खायची विसरले. एक सामना जिंकला, दुसरा जिंकला, आणि शेवटच्या सामन्यात त्यांच्यासमोर कोल्हापूरची एक पोरगी आली. च्युइंगम चघळत होती, डोक्याला कसला ताप नव्हता. जी जिंकेल ती राज्याच्या संघात.

सामना बरोबरीत आला. उरली शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव. पाळी पोरीची होती आणि अक्का लाल कापड घातलेल्या खुर्चीत स्टिक धरून बसल्या होत्या. मी सहज त्यांच्याकडं बघितलं. पाळी नसतानाच मंगळसूत्र दातात होतं. कपाळावर घाम होता. एक हात हुकाकडं, मानेमागं गेला असेल असं आधी वाटलं, पण तो छातीवर होता. मी उठून उभी राहिले. पर्समध्ये हात घालून गोळ्यांची पट्टी मुठीत घट्ट धरली. आता ओरडावं, पंचांना सांगावं, जाऊन त्यांना धरावं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी, देवा, ही पोरगी एकदाच चुकू दे, अक्कांना एकदाच पाळी मिळू दे, असंही वाटत होतं. आहेराच्या कुटुंबातल्या बाईनं मला विचारलं, "तुमच्या कोण लागतेत?" "जाऊ," मी अक्कांवरची नजर न काढता म्हणाले.

अक्का टेबलाकडं बघत होत्या. त्यांची नजर या बॉलवरून त्या बॉलवर, तिथून पुढच्यावर, कोपऱ्याकोपऱ्यातून फिरत होती. ती मला पाठ होती. फिरता फिरता ती शेवटच्या कोपऱ्यापाशी जाऊन थांबली आणि बराच वेळ तिथंच राहिली. मग त्यांनी दातातलं मंगळसूत्र सोडलं, स्टिक मांडीवर आडवी घेतली, मधल्या जोडाला दोन्ही हातांनी धरली आणि पिळली. कुलूप तीन-तीनदा ओढून बघणाऱ्या बाईनं हे एका दमात केलं आणि परत बघितलंसुद्धा नाही.

पंच लाल खुर्चीतून उठले. पोरगी वाकलेली होती, ती सरळ झाली आणि चघळायची थांबली. "काकू, अहो, अजून संपलं नाही की. मी चुकले तर?"

"माझं संपलं, बाळ. तू चांगलं खेळ तिकडं," अक्का म्हणाल्या, आणि तिच्या गालावरून हात फिरवला. तोवर मी त्यांच्यापाशी पोचले होते. गोळी मी काढून दिली, आणि पाणी आहेराच्या त्या बाईनं आणलं.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठोके ठिकाणावर आले. भाऊजी लातूरहून निघाले होते, वाटेत होते. खाटेवर टेकून बसलेल्या अक्का छताकडं बघत मला म्हणाल्या, "ती पोरगी पिवळ्यावर चुकणार होती. पांढरा लई लांब सोडलाता तिनं. मग माझी पाळी. शेवटच्या काळ्यापर्यंत रस्ता मोकळा होता."

"म्हंजे तुम्ही जिंकला असता?"

"हाव."

मला रडूच आलं. "मग कामून सोडलंत अक्का?"

"त्याच्या पुढचं बघायले होते, नेहमी बघते तसं. संघात गेले. मग सराव शिबिर, मग दुसऱ्या राज्यात खेळायला जायचं. आन् गोळी आपली तुझ्या पर्समधीच." त्यांनी पांघरूण ओढून सारखं केलं. "त्याच्या पुढं बघितलं, तर कायबी दिसंना गं. टेबलच दिसंना. तुझे भाऊजी तेवढे दिसले, फाटकापाशी उभे असलेले."

आता त्या रोज सकाळी गोळी घेतात आणि धडधड होत नाही. स्पर्धा सुटल्या, पण पार्लरमधलं शिकवणं चालू आहे, आणि अधूनमधून स्वतःही काठी हातात घेतात. रंगीत बॉल अजून जातात. पांढरा मात्र कुठंही जाऊन उभा राहतो, आणि शिकणाऱ्या पोरींनी ते दाखवलं की, "ऱ्हाऊ दे की तिथंच," म्हणून हसतात. भाऊजी खांबावर असले की अक्का मालिका बघतात. झोप लागते, वजन थोडं वाढलंय, चेहऱ्यावर तकाकी आलीय. आम्ही सगळ्यांनी देवाकडं मागितलं होतं ते हेच. हे गोळीनं झालं, का पुढचं बघायचंच त्यांनी सोडून दिलं, हे मला माहीत नाही. सासूबाई कधी कधी त्यांच्याकडं बघत बसतात. आणि मला, खोटं कशाला बोलू, आमच्या जुन्या अक्कांची फार आठवण येते.

परवा आम्ही दोघी रेणापूरला एका बारशाला निघालो. अक्का कधीच्याच साडी नेसून रिक्षात जाऊन बसल्या होत्या. कुलूप मी लावलं. रिक्षा सुटली, औसा रोड लागला, आणि मी मनगट पुढं करून वाट बघत बसले. हात काही येईना. शेवटी मीच त्यांचं मनगट धरलं.

"अक्का, गॅस बंद केला का हो?"

"केला असंल की," त्या म्हणाल्या आणि रस्त्यावरची दुकानं बघायला लागल्या.

असंल की! मी रिक्षा थांबवली. रिक्षावाला कुरकुरत वळला. घरी जाऊन मी टाकी बघितली, बटणं बघितली, नळ बघितले, मागचं दार बघितलं, कुलूप लावून दोनदा ओढलं आणि समोरच्या काकूंना हाक मारून सांगितलं, तुमच्या डोळ्यादेखत लावलंय बरं का. काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. मी परत येऊन बसले तेव्हा माझाच श्वास वर-खाली होत होता. रिक्षा निघाली आणि अक्कांचा हात हळूच माझ्या मनगटावर आला.

"कुलूप ओढून बघितलंस का गं?"

इतक्या दिवसांनी! बघितलं होतं मी, दोनदा. तरी म्हणाले, "न्हाई अक्का," आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, अगदी ओळखीची. त्यांनी मागं वळून आमच्या गल्लीच्या दिशेनं बघितलं. मग आठी आपोआप विरली.

"लागलं असंल," त्या म्हणाल्या. हात मात्र त्यांनी काढला नाही. स्टँड येईपर्यंत तो तसाच माझ्या मनगटावर होता.